छत वाजवणारी काठी

इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की मला कोरेगावातलं आमच्या घरचं एक दुपारचं जेवण आठवतं. चंद्रपूरकडं जमिनीखालच्या कोळसा खाणीत छत कोसळून पाय चिरडलेला माझा चुलता नुकताच घरी आला होता. काकूनं ताटं वाढली तरी तो बसेना. कुबडीवर तोल सावरत लांब काठीनं डोक्यावरचा स्लॅब ठोकत, आवाज ऐकत राहिला. छत पोकळ वाजलं तर खाली बसायचं नाही, ही खाणीतली रीत. "आवं, घर हाय ह्ये, बसा की," काकू म्हणाली. "काका, त्या दिवशीबी असंच वाजिवलं हुतं का?" मी सहज विचारलं. काठी थांबली. "न्हाई. लय भूक लागली हुती. जोडीदारानं इचारलं, छत बघितलंस का? म्या म्हनलं, व्हय, बस खुशाल." तो जोडीदार छताखालून जिता निघाला नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ताटातली आमटी निवून गेली. चुलता आता नाही, मी कराडात गॅरेज चालवतो. परवा ऐन जेवणाच्या वेळेला गिऱ्हाइकानं विचारलं, "ब्रेक बघितलं न्हवं?" मी न बघताच व्हय म्हणालो, आणि गाडी गेलीसुद्धा.