पट्टीवरचं चुकलेलं घर

आमच्या शेजारच्या बाईंना सगळी गल्ली 'संध्याकाळच्या बाई' म्हणते. हे नाव मीच पाडलं, हे आधीच कबूल करून टाकते. सकाळच्या बाई वेगळ्या. त्या ताज्यातवान्या येतात, फळ्यावर तारीख लिहितात आणि अडीचची घंटा झाली की पर्स उचलून घरी जाऊन आडव्या होतात. आमच्या बाईंचा दिवस तिथून पुढे सुरू होतो. ज्या मुलांना न्यायला साडेपाचपर्यंत घरचं कोणी येऊ शकत नाही ती त्यांच्याकडे. आणि त्यातली जी दुसरं कोणी ठेवून घेत नाही, ती तर हमखास त्यांच्याकडेच.

अकरा वर्षं झाली. आता बाईंचा चेहरा असा झालाय की नुकतीच बस चुकलेल्या माणसाला त्यांच्याकडे बघून बरं वाटावं. गुडघे कुरकुरतात, आवाज बसलेला, आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सासूबाईंचा स्वभाव मात्र अजून चांगला ठणठणीत आहे. दुपारी दीडला बाई बाहेर पडल्या की मी खिडकीतून डोकावते, पाणी देते आणि "सून कुठे उलथली?" या प्रश्नाचं रोज तेच उत्तर देते.

मंगळवारी आणि गुरुवारी मीही त्या वर्गात जाते. मुलांना मणी ओवायला शिकवते, असं मी सांगते. आमचे हे म्हणतात, बातम्या गोळा करायला जाते. दोन्ही खरं आहे.

वर्ग म्हणजे शाळेच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. एका बाजूला मोडक्या खुर्च्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला सतरा मुलं. एकाच्या कानात ऐकायचं यंत्र आहे. अभ्यास नकोसा झाला की पठ्ठ्या ते काढून खिशात टाकतो आणि आपल्याकडे बघून गोड हसतो. एकीची अक्षरं वहीत जागा बदलतात. एक जण चार मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसू शकत नाही, हे मी घड्याळ लावून पाहिलंय. आणि एक आहे राणीसरकार. हेही नाव माझंच. नऊ वर्षांची मुलगी, बोलत नाही, कोणी हाक मारली तर मान वळवत नाही. तिला हात लावायचा नाही. मोठा आवाज झाला की ती बाकाखाली जाते आणि मग तिची मर्जी होईपर्यंत तिथेच. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते, पाचला सुटते.

"नावं ठेवू नका हो वहिनी," बाई मला म्हणतात.

"मी कुठे ठेवते? आपोआप पडतात," मी म्हणते.

या सतरापैकी सहा मुलांसाठी बाईंनी एक युक्ती काढली आहे. भिंतीवर प्रत्येकाची पुठ्ठ्याची एक लांब पट्टी, तिच्यावर लावता-काढता येणारी चित्रं. दप्तर, पाणी, खाऊ, अभ्यास, खेळ, घर. एक काम झालं की मुलानं ते चित्र काढून खालच्या पिशवीत टाकायचं आणि पुढचं बघायचं. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसलं की जीव घाबरत नाही, असं बाई म्हणतात. प्रत्येकाचा क्रम निराळा. त्या चार मिनिटवाल्याला खेळ आधी आणि मध्येही लागतो. म्हणून बाई रोज मुलं यायच्या आधी सहाही पट्ट्या हातानं लावतात. राणीसरकारांच्या लेखी ती पट्टी म्हणजे कायदा. आपण तोंडानं काय वाट्टेल ते सांगा, ती पट्टीकडे बघते.

यंदा सकाळच्या एक बाई निवृत्त होणार होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आमच्या बाईंना बोलावून सांगितलं, "शाळेची समिती गुरुवारी चार वाजता तुमचा वर्ग बघायला येईल. नीट झालं तर सकाळची जागा तुमची." दुसरी एक तरुण उमेदवार होतीच, पण तिची तीनच वर्षं झालेली.

"तीनला घरी येईन मी," बाई मला कठड्यावरून म्हणाल्या. बस, एवढंच. कोणी सहलीला जायचं सांगतं तशा सुरात.

बुधवारची रात्र सासूबाईंनी जागवली. गुरुवारी बाई शाळेत आल्या त्या भिंतीला धरूनच. पट्ट्या लावताना मी बघत होते; दोनदा त्यांचे डोळे मिटले. मी म्हटलं, "बाई, उभ्या उभ्या झोपायचं तर निदान घोड्यासारखं तरी झोपा, पडाल."

"वहिनी, आज चेष्टा नको."

चार वाजता समिती आली. तीन माणसं आणि एक वही. त्यांना बसायला धड खुर्च्या नव्हत्या, म्हणून फाटकावरचा पहारेकरी खुर्च्या आणायला वर गेला. मुलांचा खाऊ नुकताच झाला होता. यंत्रवाल्या मुलानं समितीच्या अध्यक्षांना आपलं यंत्र काढून दाखवलं, ते खूश झाले. सगळं इतकं छान चाललं होतं की मला धडकीच भरली.

चार वीसला बाई एकदम उभ्या राहिल्या. "ती कुठे आहे?"

बाकाखाली नाही. स्वच्छतागृहात नाही. खुर्च्यांच्या ढिगामागे नाही. चपला-बुटांच्या रांगेत तिचे बूट नाहीत. बाई त्या गुडघ्यांनिशी पळत सुटल्या. अकरा वर्षांत मी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. मोठ्या बाई, पहारेकरी, समितीतले तिघेही, सगळे मागोमाग. मी मुलांपाशी थांबले.

आणि मग माझं लक्ष पट्टीकडे गेलं.

राणीसरकारांच्या पट्टीवरून दप्तर, पाणी आणि खाऊ काढलेले होते. उरलेलं पहिलं चित्र होतं घर. त्याच्यानंतर अभ्यास, मग खेळ. झोपेच्या डोळ्यांनी बाईंनी घर खाऊच्या मागे लावलं होतं. मुलगी पळाली नव्हती. खाऊ संपला, चित्र काढलं, पुढे घर दिसलं, बूट घातले आणि निघाली.

मी काय केलं ते सांगते. फार विचार नाही केला. घर उचललं, अभ्यास आणि खेळ पुढे सरकवले आणि घर शेवटी चिकटवलं. मग मणी ओवायला लागले, जणू जगात मण्यांशिवाय काहीच नाही.

ती पाच वाजता सापडली. दोन रस्ते एकटीनं ओलांडून आपल्या घराच्या कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसली होती. बूट काढून, जोडीनं नीट लावून. बाई तिला घेऊन आल्या. म्हणजे ती पुढे आणि बाई चार हात मागे, कारण हात धरायचा नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण मोठ्या बाईंचा नाही.

"ही दुसरी वेळ," त्या समितीसमोर म्हणाल्या. "मागे आगीची घंटा वाजली तेव्हाही फाटकाबाहेर गेली होती. नियम आहे, दोनदा पळालेलं मूल वर्गात ठेवता येत नाही. तुमचा यात काही दोष नाही बाई, तुम्ही तरी किती जणांकडे बघणार?"

अध्यक्षांनी मान हलवली. "वर्ग उत्तम आहे तुमचा. तो प्रश्नच नाही."

ऐकलंत? इथे बाईंनी गप्प बसायचं होतं. फक्त गप्प. सकाळची जागा हातात आली होती.

"ती पळत नाही," बाई म्हणाल्या. "दाखवलेलं करते." आणि पट्टीपाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. पट्टी बरोबर होती. अभ्यास, खेळ, घर. त्यांनी घराच्या चित्रावर बोट टेकवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, इकडे या जरा."

मी गेले.

"हे तुम्ही लावलंत?" अगदी हळू आवाजात.

"मी कशाला लावू?"

"माझी चित्रं खालच्या रेघेला टेकलेली असतात. हे वर चढलंय."

खोटं बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण अकरा वर्षं रोज सहा पट्ट्या लावणाऱ्या बाईसमोर नाही टिकले मी. "खाऊनंतर लागलं होतं," मी पुटपुटले. "अहो पण गप्प बसा ना आता! तुमचे गुडघे बघा, ती सासू बघा. पोरीची काहीतरी सोय होईल."

"काय होईल?"

सोय म्हणजे तिच्या आईनं काम सोडायचं, हे दोघींनाही माहीत होतं.

बाई एका बाकाच्या कडेला बसल्या. मुलांचं बाक ते, गुडघे हनुवटीला लागले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. मला वाटतं तेवढीही ताकद नव्हती. बसूनच म्हणाल्या, "चित्र माझ्याकडून चुकीचं लागलं. घर आधी लागलं. तिनं वाचलं आणि गेली. चूक माझी आहे, तसं वहीत लिहा."

"बाई, नीट विचार करून बोला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"विचार करायला मी जागी कुठे आहे?" बाई म्हणाल्या. "लिहा तुम्ही."

मी केलेली फिरवाफिरव त्यांनी सांगितली नाही. तेवढ्यात मीच सांगून टाकली. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातलं खाल्लंय. वहीत सगळं उतरलं.

साडेपाचला मुलीची आई आली. हात पाण्यानं सुरकुतलेले, अंगाला साबणाचा वास. बाईंनी तिलाही सगळं सांगितलं, दोन रस्त्यांसकट. ती म्हणाली, "तुम्ही चुकलात म्हणून माझी मुलगी रस्त्यावर गेली. तुम्ही बोललात म्हणून ती वर्गात राहील. आता मी तुमच्याशी भांडू की आभार मानू?"

"भांडा," बाई म्हणाल्या. "पण उद्या भांडा. आज माझ्यानं ऐकवणार नाही."

शनिवारी पत्र आलं. मुलीला वर्गात ठेवलं होतं. सकाळची जागा त्या तरुण बाईंना मिळाली. आणि खाली एक कलम होतं: यापुढे रोज मुलं येण्याआधी दुसऱ्या माणसानं सगळ्या पट्ट्या तपासून वहीत सही करावी. दुसरा माणूस म्हणून शाळेनं नाव घातलं होतं माझं! रोज, दोन वाजता, माझ्या दुपारच्या झोपेच्या ऐन वेळेला. आमचे हे पत्र वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाई हसल्या नाहीत. पत्राची घडी घातली, सासूबाईंच्या उशाखाली सरकवली आणि भाजी चिरायला घेतली. सासूबाईंनी विचारलं, "मग तीनला येणार ना तू?"

"नाही आई. सहालाच."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून असं साधं 'बरं' मी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवारी दोनला आम्ही दोघी त्या लांबट खोलीत उभ्या होतो. बाईंनी सहा पट्ट्या लावल्या, मध्ये दोनदा थांबून भिंतीला टेकून. मी सही करायला पेन उघडलं.

"बघितलंत नीट?"

"बघितलं हो."

"बोट लावून बघा वहिनी. एकेक."

मी जांभई दिली आणि पहिल्या पट्टीच्या पहिल्या चित्रावर बोट ठेवलं.