जन्मापासून ओपन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागले आणि तुम्ही मध्येच फिस्सकन हसलात, की मी गप्प बसेन. मग बसा चहा गार करत! फजितीच तशी आहे. आणि ती मी कोणाच्याही मदतीशिवाय, फक्त एका शब्दात करून घेतली. लोकांना निदान एखादं वाक्य तरी लागतं.

मस्कतला येऊन आम्हाला वर्ष होत आलं. मस्कत म्हणायचं आपलं. राहतो अल अमेरातला, डोंगर ओलांडून पलीकडे. घर छान आहे, हं! खोलीखोलीत एसी, मोठी बाल्कनी आणि बाल्कनीसमोर उघडाबोडका डोंगर. बघून बघून त्या डोंगराच्या सुरकुत्या मला पाठ झाल्या आहेत. नवरा, म्हणजे नीलेश, दुक्मला साईटवर. महिन्यातले बरेच दिवस तिकडेच. मुलगी ओवी केजीत आहे, ती सकाळी बसने वादी कबीरच्या शाळेत जाते आणि दुपारी परत येते.

मधल्या वेळात मी काय करते? काळजी. पूर्णवेळ. बसमधला एसी चालू असेल ना? डबा खाल्ला असेल ना? बसमध्ये झोपून राहिली तर? पुण्यात मी मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे. आता ओवीची पाण्याची बाटली घासताना जेवढे जंतू आठवतात, तेवढे वर्गात फळ्यासमोर कधी आठवले नव्हते.

आणि बोलायला कोण? गॅस सिलिंडरवाला. तो विचारतो, "खलास?" मी म्हणते, "खलास." संपलं संभाषण. एकदा मी त्याला आग्रहाने चहा विचारला, तर तो रिकामा सिलिंडर न घेताच पळाला.

तर अशा दिवसांत, हमरियातल्या एका भाजीच्या दुकानात मी शेवग्याच्या शेंगांशी भांडत होते. "इतक्या वाळल्यात! चालत आलात का काय केरळहून?" हे मी शेंगांना म्हटलं. मोठ्याने. मराठीत.

मागून खणखणीत आवाज आला, "त्या काय उत्तर देणार बाय? माझ्याशी बोल!"

ही फिलोमिना. मूळची वसईची, इथे रुवीत एका ऑफिसात आहे. आवाज असा, की बोलली की दुकानातली कोथिंबीर ताजी व्हावी. पाच मिनिटांत तिने माझं नाव, गाव, फोन नंबर, नवरा, मुलगी सगळं काढून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी सकाळी काय करतेस?"

"काही नाही." हे मी इतक्या घाईने म्हटलं, की माझं मलाच कसंतरी झालं.

"मग ये. आम्ही बायका पिस्तूल चालवतो."

"काय चालवता?"

"अगं, लेझरचं असतं. गोळी नाही, छर्रा नाही, काही नाही. बचाव मॅच म्हणतात त्याला. खेळायचं, मग खाली बसून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा प्यायचा, गावभरच्या गप्पा मारायच्या. जमलं तुझं सगळ्यांशी, तर ग्रुपमध्ये घेते."

ग्रुपमध्ये घेते! तुम्ही ज्या ग्रुपना म्यूट करून ठेवता ना, तसल्या एका ग्रुपसाठी माझा जीव टांगणीला लागला. आठवडाभर मी टीव्हीचा रिमोट ओढणीतून काढून नेम धरायची तालीम केली. ओवीने विचारलं, "मम्मा, व्हाय आर यू शूटिंग द फ्रिज?" आता हिला काय सांगू, की तुझ्या आईला मैत्रीण हवी आहे?

शनिवारी आम्ही मायलेकी त्या लेझरच्या हॉलवर वेळेच्या आधीच हजर. काउंटरवर सालिम नावाचा ओमानी तरुण होता. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं.

"मॅडम, नाम?"

"मृणाल."

"कॅटेगरी?"

"ओपन."

झालं! हाच तो शब्द.

बघा, मी विचार केला नाही. अकरावीच्या प्रवेशापासून नोकरीच्या अर्जापर्यंत हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय, की समोरून 'कॅटेगरी' आलं की आतून 'ओपन' बाहेर पडतं. शिंकेसारखं. शिंक काय देश बघून येते?

सालिमचे डोळे विस्फारले. "ओपन? माशाल्ला! कब से?"

"बचपन से," मी म्हटलं. "मतलब, जनम से ही."

"जनम से!" त्याने पेन खाली ठेवलं. "फादर भी ओपन?"

"हां. फादर, ग्रँडफादर, सब ओपन."

"पूरा फॅमिली! फिर तो बहुत फायदा हुआ होगा?"

"कहाँ का फायदा!" मी उसासा टाकला. हा उसासा आमच्या घरात जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा फिरायचा, त्यामुळे तो मला अगदी सराईतपणे टाकता येतो.

सालिमने गंभीरपणे मान हलवली. "सच बात, मॅडम. प्रॅक्टिस नहीं, तो कुछ नहीं."

तुम्ही म्हणाल, बाई गं, मस्कतमधला एक मुलगा तुझ्या आजोबांची कॅटेगरी कशाला विचारेल? एवढी शिकलेली तू, तुला कळू नये? कळायला हवं होतं. पण खरं सांगू? आठवडाभरात मला कोणीही इतके प्रश्न विचारले नव्हते. कोणीतरी माझ्या आजोबांची चौकशी करत होतं हो! अजून दोन मिनिटं विचारत राहिला असता, तर मी त्याला पणजोबाही सांगितले असते.

सालिम आत गेला आणि दोन्ही हातांवर, पूजेचं तबकच आणावं तसं, एक पिस्तूल घेऊन आला. पिस्तूल कसलं, भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीनच! निळं-सोनेरी. वर दुर्बिणीसारखी काच, तिच्यात लाल ठिपका. पुढे लांबलचक नळकांडं. सोबत एक रुंद पट्टा आणि त्याला पिस्तूल अडकवायचा उघडा आकडा.

"रेस गन, मॅडम," तो हळूच म्हणाला. "कॉम्पिटिशनवाला. ट्रिगर बहुत हल्का है, आपको तो मालूम ही है."

मला काहीच मालूम नव्हतं. पण त्याने इतक्या आदराने दिलं, की नको कसं म्हणणार? मी पट्टा बांधला. कुर्ता एका बाजूने असा वर उचलला गेला, जशी काही नळाची तोटी चोरून मी पळतेय.

आत बायका जमल्या होत्या. सगळ्यांच्या हातात छोटी, काळी, साधी पिस्तुलं. मी आले आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

"अगो बाय!" फिलोमिना म्हणाली. "चोर पकडायचाय, विमान नाही पाडायचं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. वाटलं, जमतंय! पण विद्याताई हसल्या नाहीत. विद्याताई नागपूरच्या, इथे शाळेत केमिस्ट्री शिकवतात, आणि ग्रुपमध्ये नियम बघायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी मला शांतपणे खेळ समजावला. तुम्ही बाजारातून येताय. एका हातात सामानाची पिशवी, कडेवर बाळ म्हणून एक बाहुली. पिस्तूल पर्समध्ये नाहीतर ओढणीखाली लपवलेलं. भोंगा वाजला की ते काढायचं आणि समोरच्या फळ्यांवरचे चोर टिपायचे. नेम लागला की फळीवर दिवा लागतो. मध्ये हात वर करून दुकानदार उभा असतो, त्याला मात्र लागता कामा नये.

"म्हणजे रोज जवळ बाळगता येईल असंच पिस्तूल इथे चालतं," त्या म्हणाल्या. "ही रेस गन शर्यतीसाठी असते. ही घेऊन मेथीची जुडी आणायला कोण जातं?" मग दाराकडे बघून त्यांनी हाक मारली, "सालिम! ये बचाव मॅच है. इनको ये क्यूं दिया?"

आणि सालिम आला. छाती फुगवून. जणू मला त्यानेच शोधून काढलं होतं.

"मॅडम ने खुद बोला! कॅटेगरी ओपन है! जनम से ओपन! फादर ओपन, ग्रँडफादर ओपन, पूरा फॅमिली ओपन!"

सालिमच्या लेखी 'ओपन' म्हणजे पिस्तुलांमधली सगळ्यात वरची, शर्यतीची कॅटेगरी; त्याच्या दृष्टीने त्याने एका नेमबाज घराण्याची ओळख करून दिली होती. पण समोर उभ्या होत्या महाराष्ट्रातून आलेल्या बायका. त्यांना जे ऐकू यायचं तेच आलं. ही बाई, पहिल्याच दिवशी, काउंटरवर, कोणी न विचारता, तीन पिढ्यांची कॅटेगरी सांगून आली आहे.

मला कळलं. तेव्हा कळलं! पायापासून कानापर्यंत गरम झाले मी. विद्याताईंचा चेहरा एकदम कोरा झाला. फिलोमिना, जी कधी गप्प बसत नाही, ती गप्प. बाकीच्या दोघी आपापल्या पर्सच्या चेनी लावायला लागल्या. मी तोंड उघडलं, "अहो, तसं नाही..." आणि तेवढ्यात भोंगा वाजला. पहिला नंबर माझा होता.

आता पुढचं वर्णन ऐकाच. हातात पिशवी, कडेवर बाहुली, डोक्यात आजोबा. आकड्यातून पिस्तूल ओढलं, तर बोट लागताच ट्रिगर दाबला गेला. पहिला दिवा लागला दुकानदाराच्या छातीवर. मी दचकले, पुन्हा बोट लागलं. दुसरा दिवा दुकानदाराच्या कपाळावर. "सॉरी, सॉरी," असं मी त्या फळीला म्हणत असताना तिसरा. हल्का ट्रिगर! चोर सगळे सुखरूप. आणि या गडबडीत कडेवरची बाहुली निसटून डोक्यावर आपटली.

कोपऱ्यातून ओवी किंचाळली, "मम्मा! यू किल्ड द शॉप अंकल! अँड यू ड्रॉप्ड द बेबी!"

बाळ पडेल म्हणून रात्ररात्र जागलेली मी. पाडलं शेवटी. तेही साक्षीदारांसमोर.

मॅच संपली. सगळ्या खाली चहाला गेल्या. मला कोणी 'चल' म्हटलं नाही आणि 'येऊ नको' असंही म्हटलं नाही. त्या एका टेबलावर, मी आणि ओवी दुसऱ्या. कागदी कपातला करक चहा इतका गोड, की घशाखाली जाईना. ओवी बिस्किट बुडवत होती. म्हणाली, "मम्मा, दे आर युवर फ्रेंड्स ना? मग... आपण इकडे का... बसला?"

'बसला' नाही गं, 'बसलो', असं मी सवयीने म्हणणार होते. पण राहू दिलं. बाहेर गाडी होती. यल्ला, म्हणजे चला, म्हणायचं आणि घरी जायचं, डोंगर होताच वाट बघत. ते सोपं होतं.

मी उठले आणि त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी.

"मला कोणी काही विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "म्हणजे, त्याने पिस्तुलाची कॅटेगरी विचारली. मीच माझी सांगितली. तोंडातून निघून गेलं. पुढे तो विचारत गेला आणि मी सांगत गेले, कारण..." इथे माझा आवाज चिरकला. "कारण कोणीतरी विचारत होतं."

विद्याताईंनी कप खाली ठेवला.

"आजोबांपर्यंत गेलीस?"

"हो."

"फायद्याचंही बोललीस?"

"उसासा टाकला."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "मलाही त्याने पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "कॅटेगरी? मी एकदम मागे कॉलेजात जाऊन पोचले. तिथे पहिल्या दिवशी सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं होतं ना, तसंच वाटलं. मी इतक्या जोरात ओरडले, 'क्यूं? तेरे को क्या करना है?' की तो पोरगा खुर्चीतून उठून उभा राहिला. 'सॉरी मॅडम, बेसिक! बेसिक लिख दिया!'"

"आणि मी काय म्हटलं माहितीये?" फिलोमिनाला आता राहवेना. "मी म्हटलं, कसली कॅटेगरी रे, सिंगल की मॅरीड?"

मग जे हसू फुटलं! मी हसले, रडले, नाक पुसायला ओवीचा रुमाल घेतला. त्याला बिस्किट लागलेलं होतं, तेही नाकाला लागलं. विद्याताईही हसल्या, पण आधी माझ्याकडे जरा वेळ बघून. "तुझं कसं पटकन बाहेर आलं," त्या म्हणाल्या, "आणि मला सांगायच्या जागी ओरडावं लागलं." एवढंच. मग त्यांनी पायाने एक खुर्ची पुढे सरकवली.

तुम्हाला वाटलं, झालं? संध्याकाळी ग्रुपमध्ये घेतलं? छे! आठवडाभर फोन गप्प. मी चार्जिंग बघितलं, नेटवर्क बघितलं, स्वतःलाच मेसेज पाठवून पोचतो का तेही बघितलं. पोचला. सिलिंडरवाला आला. "खलास?" मी म्हटलं, "वाटतंय तसंच."

शुक्रवारी फोन वाजला. अनोळखी नंबर. "उद्या येतेयस ना? बाहुली धरायची प्रॅक्टिस कर. – विद्या." हा मेसेज मी किती वेळा वाचला ते विचारू नका. नीलेशलाही फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "बाहुली?" आणि लाईन कट झाली.

शनिवारी पुन्हा तेच काउंटर, तोच सालिम. मला बघून तो उठूनच उभा राहिला. "वेलकम, मॅडम! कॅटेगरी?"

मी तोंड घट्ट मिटलं. शिंक दाबावी तसं.

तेवढ्यात मागून एक हात माझ्या खांद्यावर पडला.

"सालिम, इनको बेसिक दे," विद्याताई म्हणाल्या. "एकदम बेसिक. इनको अभी बहुत सीखने का है."