वन्संचा गोळ्यांचा डबा

वन्सं गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मी सुपाऱ्या सोलत होते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वैधव्यानंतर इथे श्रीवर्धनला माहेरीच राहिलेली. लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. जमलेली आळी म्हणाली, देवाने नेलं. देवाला फुकट बदनाम करायची भारी हौस आम्हाला... हे काम फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याचं होतं.

डॉक्टरांनी कधीकाळी लिहून दिलेली अँटिबायोटिक वन्सं दरवेळी परस्पर मागवायच्या. दोन गोळ्यांत जळजळ थांबली की बाकीच्या त्या डब्यात जायच्या. समुद्रात डुंबून कोणाचा कान ठणकला, तरी त्यातलीच एक. कान आपोआप बरा झाला तरी आळी म्हणायची, वन्संच्या हाताला गुण आहे. आणि मी? तेव्हा मॅट्रिक झालेली नवी सून, शहाणपणाचं नुसतं गाठोडं! माझा कान दुखला तेव्हा मीही हात पसरला. पुढे मला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या उरल्या, त्या नैवेद्यासारख्या त्याच डब्यात नेऊन ठेवल्या. अशी बावळट बाई शोधून सापडली नसती.

शेवटची भेट दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जंतू त्या गोळीला आता जुमानतच नाहीत. अर्धवट किती वेळा घेतलीत? वन्सं तापातही ताठ झाल्या. "मी दोनच घेते हो. मला नाही औषधाची हाव."

तेराव्याची पानं उठली, आणि माझी सून माझ्या कानाशी आली. "आई, मला जळजळतंय. आत्यांच्या डब्यातली एखादी..."

त्याच आत्यांसाठी रडून हिचे डोळे अजून सुजलेले!

"आत्यांकडेच जायचंय का तुला?" मी म्हटलं.

तशीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठतं का, दिवस गेलेत का, सगळं विचारलं आणि मग गोळ्या लिहिल्या. बरं वाटताच सूनबाईंची उरलेल्या गोळ्यांची पट्टी फळीकडे निघालीच होती. सांगितलेली शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत मी रोज समोर पाणी घेऊन उभी राहिले, एखाद्या फौजदारणीसारखी.

डब्यात आता सुपारी असते. परवा माझा कान ठणकला, आणि हा मेला हात आपोआप फळीवर गेला... झाकण काढलं, तर आत अजून औषधाचाच वास. दोनच घे, असं वन्सं म्हणाल्यासारखं वाटलं. सुपारीची दोन खांडं तोंडात टाकली, डबा बंद केला आणि चपला घालून दवाखान्यात गेले.