गार चहाची तक्रार

चहाच्या मशीन दुरुस्त करायच्या नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमधून तक्रार आली. तळेगावहून स्कूटीवर गेले. मशीन सांभाळणाऱ्या मावशी मूळच्या मोशीच्या. म्हणाल्या, "पोरी, पानी तापतच न्हाई बघ. चहा गारढोण." डिस्प्लेवर पंच्याऐंशी अंश दिसत होते. मी सेटिंग ब्याण्णववर नेलं आणि परतले.

आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी सुपरवायझरचा. "मॅडम, लोकांच्या जिभा पोळतायत!"

पोचले तर मावशी वैतागलेल्या. "कोन म्हनतं पोळतो? गारच हाय की."

मशीन एकच, चहा एकच. मला काही सुधरेना. सेन्सर बदलला. नळाखाली थर्मामीटर धरला, तो डिस्प्लेशी जुळला. मग थर्मामीटरचाच संशय आला. दुसराही तेच दाखवू लागला. सुपरवायझर खोटं बोलतोय की मावशी? की मलाच काम येत नाही?

शेवटी विचारलं, "मावशी, पिऊन बघता का तुम्ही?"

"न्हाई गं. चार वर्सं झाली शुगरला, गोड बंदच हाय. मी आपलं हातानं बघते, असं."

त्यांनी नुकताच भरलेला स्टीलचा पेला मुठीत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी घाईघाईनं तो काढून घ्यायला गेले आणि माझीच बोटं चरचरली. पेला खाली पडला. त्यांच्या दोन बोटांवर पाण्यानं भरलेले फोड होते.

"हे कधी भाजलं?"

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा. "आता गं बया! कवा झालं हे?"

सुपरवायझरनं त्यांना कंपनीच्या दवाखान्यात नेलं. शुगरमुळे बोटांची जाणीवच कमी झालीय, असं डॉक्टर म्हणाले. मी सेटिंग पुन्हा पंच्याऐंशीवर आणलं. रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. 'सेन्सर बदलला' एवढंच लिहिलं, जुना सेन्सर चांगला असूनही.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा मावशी मशीनवर नव्हत्या, टेबलं पुसत होत्या. मला पाहून थांबल्या.

"झालं का गं नीट?"

मी "हो" म्हटलं. त्या मशीनबद्दल विचारत होत्या की आणखी कशाबद्दल, ते मला अजून उमगलेलं नाही.