कूस बदलली की खोली फिरायची

"मेंदू ठणठणीत आहे. कानातले बारीक खडे जागा सोडून फिरतायत. याला बीपीपीव्ही म्हणतात," सांगलीच्या कानाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी मुतखडा ऐकला होता, पण कानात खडे?

मी कोयनानगरचा, एसटीचा ड्रायव्हर. एका पहाटे कूस बदलली आणि खोली गरगरली. आमच्याकडे हललं की भूकंपच! आरडाओरडा करून बायकोला, सुमनला, अंगणात काढलं. शेजारीही धावले. सगळे ताठ उभे, मी एकटा खांबाला मिठी मारून.

"आवं, काय बी हललं न्हाई. तुमीच हलताय," सुमन म्हणाली. शेजारी हसले, मला मात्र घाम फुटला. घाटात असं झालं तर? मागं पन्नास माणसं! नोकरीची धास्ती लय वाटली, पण त्याच दिवशी डेपोत खरं सांगून रजा टाकली.

साताऱ्यात मानेचा एक्स-रे निघाला. गळ्यात पट्टा आला, गुण काही नाही. मग एमआरआय, म्हणजे बोगद्यात निजवून मेंदूचे फोटो. नॉर्मल. पलूसच्या मेव्हण्यानं सांगलीला नेलं. तिथं ऑडिओमेट्री झाली: हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं. ऐकू छान येत होतं. कॅलरिक टेस्टमध्ये कानात गार-गरम पाणी सोडून डोळे बघतात. लय गरगरतं, पण थोड्या वेळात ओसरतं, भिऊ नका. तीही ठीक आली.

शेवटी पोझिशनल टेस्ट. ना मशीन, ना सुई. मॅडमनी माझी मान उजवीकडं वळवून झटक्यात मागं निजवलं, आणि जग फिरलं! "डोळे मिटू नका," त्या म्हणाल्या. बुबुळं नाचत होती, त्यावरून रोग कळला. तिथंच डोकं ठरावीक रीतीनं वळवत खडे जागी नेले.

"मग आधीच्या तपासण्या वाया गेल्या?" मी जरा चिडूनच विचारलं.

"ही आधी व्हायला हवी होती, खरंय. पण एमआरआयनं मोठा आजार नाही हे तरी कळलं."

म्हणून सांगतो, चक्कर कशानं येते, किती वेळ टिकते, हे डॉक्टरांना नीट सांगा. बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले तर मात्र तडक दवाखाना गाठा. मोबाईलवर बघून मान फिरवत बसू नका.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. बुबुळं स्थिर. मॅडमनी फिट असल्याचा दाखला दिला तेव्हा मी चक्क रडलो. त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

पहिल्या फेरीला सुमन हट्टानं माझ्या मागच्या सीटवर बसली. म्हणाली, "ध्यान ठेवाया आलेय." तिसऱ्या वळणानंतर आरशात बघितलं, तर बाईसाहेब खिडकीला डोकं टेकून घोरत होत्या. घाट उतरेपर्यंत मी हॉर्नसुद्धा जपूनच वाजवला.