सोळा पायांची मेमरी

आमच्या ग्रुपचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. जुन्या वायरी ड्रॉवरमध्ये साठतात ना, एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात, तसं आमचं आहे. परवा हरेशच्या मुलीच्या साखरपुड्यात आम्ही चौघं एका टेबलाला बसलेलो. वाढपी तीनदा येऊन गेला तरी ताटं तशीच. शेवटी हरेशची बायको येऊन म्हणाली, "तो कम्प्युटर बंद करा आता आणि जेवा!"

कम्प्युटर बंद होऊन कैक वर्षं झालीत!

तर आम्ही चौघं म्हणजे कोण? फडके सर डोंबिवलीच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायचे. विलास गायकवाड कल्याणचा, वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत टेस्टिंगला. हरेश ठाण्याच्या कोळीवाड्यातला, त्याचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. आणि मी नलिनी, विलासच्याच कंपनीत असेंब्लीला. दिवसभर सोल्डरिंग.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. सरांच्या भाच्याने इंग्लंडहून त्यांना एक होम कम्प्युटर पाठवलेला. वहीएवढा, काळा, रबरी बटणांचा. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेट प्लेअरवरून भरायचे. कॅसेट लावली की पाच मिनिटं नुसती किंचाळायची, मग कुठे स्क्रीनवर काहीतरी दिसायचं. मेमरी सोळा के. म्हणजे तुमच्या फोनमधला एक फोटो ठेवायला असे शेदोनशे कम्प्युटर लागतील. सरांना ती मेमरी वाढवायची होती.

एके दिवशी विलास लंचमध्ये माझ्याकडे आला. "नलू, रविवारी डोंबिवलीला चल. बोर्डावर आठ चिपा बसवायच्यात. माझा हात थरथरतो, तुझा नाही."

"मशीन कुणाचं?"

"एका सरांचं. फॉरेनचं आहे."

"आणि जळलं तर?"

"म्हणून तर तुला नेतोय. बाईमाणसावर सर ओरडणार नाहीत!"

*

त्या आठ चिपा आणायचं काम हरेशचं. त्याने मुंबईला दोन शनिवार घालवून त्या मिळवल्या. चिपांना हात लागला तरी खराब होतात, अशी तेव्हा आमची ठाम समजूत. म्हणून त्याने त्या चांदीच्या कागदात गुंडाळून एका स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि डबा घरी ओट्यावर ठेवला.

रविवारी सकाळी आम्ही सगळे सरांच्या जेवणाच्या टेबलाभोवती. माझी सोल्डरिंग गन तापलेली. सरांनी देवाला नमस्कारसुद्धा केला. हरेशने डबा उघडला आणि घरभर वास सुटला. आत सुकटीची चटणी!

सरांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या माई, स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावून बाहेर आल्या. "अहो, जळलं वाटतं तुमचं मशीन!"

हरेशचा चेहरा पांढराफटक. आईने डबे बदलले होते. म्हणजे चिपा गेल्या बाबांबरोबर होडीवर! तो तसाच ठाण्याला पळाला. बाबा खाडीतून येईपर्यंत दोन तास बंदरावर येरझाऱ्या घालत राहिला. दोन शनिवार पाण्यात गेले, असंच त्याने धरलं होतं.

होडी लागली. बाबांनी डबा त्याच्या हातात दिला. आत आठही चिपा जशाच्या तशा.

"हा कसला मावरा रं?" बाबा म्हणाले. "एकेकाला सोला सोला पाय, आन् खायाला कायच नाय!"

*

पुढच्या रविवारी आठ चिपा बसल्या. मशीन चालू केलं आणि मेमरी मोजणारा प्रोग्राम अठ्ठेचाळीस के म्हणाला. सरांनी मला वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस! मला कुठे बघू असं झालं.

ते बघून विलासने स्वतःसाठी तसलंच एक सेकंडहँड मशीन घेतलं, त्याहून जुनं. त्याची जादा मेमरी एका छोट्या खोक्यात यायची. ते खोकं मागच्या फटीत खोचायचं. पण ते जरा हललं की मशीन सगळं विसरायचं. दोन तास टाइप केलेलं एका सेकंदात साफ!

आणि विलासचं घर कल्याणच्या चाळीत. वरच्या मजल्यावर कमलमावशी. मावशी रोज संध्याकाळी खलबत्ता घेऊन बसायच्या. एक घाव वर पडला की खाली स्क्रीन पांढरी.

विलासने आठवडाभर सोसलं. मग वर गेला. भांडायला नाही, समजवायला. "मावशी, तुम्ही कुटता ना, तेव्हा माझं लिहिलेलं पुसलं जातं."

मावशींना पटेना. मग त्याने त्यांना खाली आणून मशीनसमोर बसवलं आणि स्वतः वर जाऊन एक घाव घातला. मावशींच्या डोळ्यांदेखत स्क्रीन गेली. त्यांनी गालावर हात मारला. "अरे बाबा, मग आधी बोलायचं ना! पुसलं जाऊ नये म्हणून काय करतोस?"

"कॅसेटवर सेव्ह करतो."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला अख्ख्या चाळीला ऐकू जायचं, "विलाऽऽस! सेव्ह कर रे, मिरची कुटते!"

मी नंतर ते खोकं पट्टीच्या वायरने जोडून दिलं, त्यामुळे हलायचा प्रश्नच मिटला. मावशींना तसं सांगितलंही. पण त्यांनी हाक मारायचं काही सोडलं नाही. उलट चाळीत कुणाला कपाट सरकवायचं असलं तरी आधी खाली येऊन विचारायचे, "सेव्ह केलं का?"

*

आता फ्लॉपी ड्राइव्हचा किस्सा. हा सांगताना मला अजून लाजल्यासारखं होतं.

कंपनीत जुनं टेस्टिंगचं सामान भंगारात निघालं. त्यात एक फ्लॉपी ड्राइव्ह होता. विलासने तो दुरूनच हेरला. मी साहेबांकडे रीतसर अर्ज केला, साहेबांनी सही केली. गेट पास टाइप करायला ऑफिसमध्ये नवीन क्लार्क. ड्राइव्ह हा शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याने त्याच्या परीने दुरुस्त केला.

संध्याकाळी सुटी झाली. गेटवर ही गर्दी. वॉचमनने माझा पास घेतला आणि मोठ्याने वाचला, "वन ओल्ड ड्रायव्हर. नॉट वर्किंग. टू बी टेकन होम बाय मिस नलिनी!"

कंपनीचे ड्रायव्हर शिंदेकाका तिथेच चहा पीत उभे. त्यांनी कप खाली ठेवला. "नॉट वर्किंग? अरे, कालच साहेबांना पुण्याला सोडून आलो!"

सगळं गेट हसत होतं. विलास तर खाली बसलेला. मी लालबुंद. वॉचमन मात्र ड्युटीचा पक्का. पासावर ड्रायव्हर लिहिलंय तर ड्रायव्हरच जाईल, खोकं नाही जाणार, म्हणाला.

मग नवीन पास आला, ड्राइव्ह बाहेर पडला. शिंदेकाका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी लंचला माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "तुमचा तो दुसरा म्हातारा चालू झाला का?"

झालेला. हरेशने त्याच्या मोटरचा पट्टा बदलला, विलासने ड्राइव्ह मशीनला जोडणारा मधला बोर्ड बनवला, मी टाके घातले. त्या दिवसापासून कॅसेटचं किंचाळणं बंद. निदान विलासकडे तरी.

*

सर कॅसेटवरच राहिले. पण त्यांना स्पीड हवा होता. मग विलासने त्यांच्या मशीनमध्ये जास्त वेगाचा प्रोसेसर बसवला आणि बाजूला एक बटण दिलं. खाली केलं की जुना वेग, वर केलं की दुप्पट.

प्रोसेसर तापायचा. मे महिन्यात सर टेबलफॅन मशीनकडे वळवून बसायचे. माई पलीकडे घामाघूम होऊन पोळ्या लाटत. एकदा त्या म्हणाल्या, "या घरात वारा आधी त्याला का?"

"अगं, तो तापला की बंद पडतो."

"मी तापले की काय होतं, ते ठाऊक आहे ना?"

सरांनी पंखा वळवला!

पण खरी गंमत पुढे. सरांनी त्यांच्या वर्गाचा वार्षिक निकाल कम्प्युटरवर केला. सगळ्या मुलांचे सगळे विषय, बेरजा, टक्के. शाळेत तोवर कुणी केलेलं नव्हतं. सर खुशीत. रविवारी सकाळी निकाल कॅसेटवर घेतला, मशीन बंद केलं. मार्कांचे कच्चे कागद माईंनी रद्दीत घातली. रद्दीवाला घेऊनही गेला. सोमवारी निकाल लावायचा.

दुपारी सरांनी कॅसेट लावून बघितली. मशीन काही वाचेना. पुन्हा लावली. नाहीच.

आम्हाला निरोप गेले. पोचलो तेव्हा सर खुर्चीत डोकं धरून बसलेले. "नलिनीबाई, मुलांना काय सांगू हो? पालक दारात येतील उद्या."

हरेशने कॅसेट प्लेअरचं हेड साफ केलं, स्क्रू फिरवले. विलासने वायरी बदलल्या. माई तर रद्दीवाल्याला शोधायला अर्धं डोंबिवली फिरून आलेल्या. दोन तास गेले. कुणाला चहा गोड लागेना.

माझं लक्ष सहज बाजूच्या बटणाकडे गेलं. "सर, सकाळी हे बटण वर होतं की खाली?"

"वर. घाई होती ना."

"आणि आता?"

खाली! दुप्पट वेगात रेकॉर्ड केलेलं, साध्या वेगात वाचत होतो आम्ही. विलासने कपाळावर हात मारला. बटण वर केलं, कॅसेट लावली. किंचाळून संपली आणि स्क्रीनवर पहिलं नाव उमटलं. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या, माई रडायलाच लागल्या.

सरांनी चष्मा पुसला आणि अगदी वर्गात सांगावं तसं म्हणाले, "लक्षात ठेवा. घाईत लिहिलेलं घाईतच वाचायचं असतं!"

*

आणि हा शेवटचा.

नव्वदचं दशक लागलेलं. विलासच्या मशीनला तोवर अठ्ठेचाळीस के, फ्लॉपी, सगळं जोडून झालेलं. आता मेमरीत जागा होती, मग तिचं करायचं काय? विलास म्हणाला, "मराठी अक्षरं." चार महिने आम्ही चौकडीच्या वहीत एकेक अक्षर ठिपक्यांनी काढत होतो. क ला किती ठिपके, वेलांटी कुठे वळवायची. जोडाक्षरांनी तर जीव खाल्ला. पण एका रविवारी कल्याणला विलासच्या घरी टीव्हीवर मराठी उमटलं.

विलासचे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. कमी बोलायचे. आमचे रविवार ते खाटेवर बसून नुसते बघायचे. त्या दिवशी विलासने विचारलं, "बाबा, काय लिहू? पहिलं तुम्ही सांगा."

बाबा म्हणाले, "माझ्या आईचं लिही."

"आजीचं नाव काय होतं?" विलासलाच माहीत नव्हतं. घरात सगळे म्हातारीच म्हणत आलेले.

"सगुणा. सगुणा लक्ष्मण गायकवाड. तिचं नाव कुठे लिहिलेलंच नाही रे. ना शाळेत गेली, ना कुठल्या कागदावर आली. फोटोपण नाही."

विलासने टाइप केलं. मोठ्या अक्षरांत, स्क्रीनच्या मधोमध. बाबा खाटेवरून उठले, टीव्हीजवळ आले आणि एकेका अक्षराखालून बोट फिरवत वाचलं.

"आता बंद केलं की जाईल हे?"

"नाही बाबा. या फ्लॉपीवर ठेवलंय."

बाबांनी फ्लॉपी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "हिच्यात आहे ती?"

"हो."

पुढच्या रविवारी आम्ही कल्याणला गेलो. काही जोडाक्षरांचं काम राहिलेलं. मशीन चालू केलं आणि फ्लॉपी सापडेना. आणि सगळा प्रोग्राम, चार महिन्यांची सगळी अक्षरं, त्याच एका फ्लॉपीवर! दुसरी कॉपी केलेलीच नाही. सर घामाघूम, हरेश खाटेखाली, मी कपाटावर.

विलास मध्येच थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला.

बुद्धांच्या तसबिरीशेजारी नवी फ्रेम होती. काच, सोनेरी कडा, मोगऱ्याचा ताजा गजरा. आत मधोमध आमची फ्लॉपी.

"बाबा," विलास हळूच म्हणाला, "आमचा प्रोग्राम त्यातच आहे हो. काढावी लागेल."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली.

"काढा की. तिने कधी कुणाला नाही म्हटलं नाही," ते म्हणाले. "फक्त हात धुऊन या."

आम्ही चौघंही गॅलरीतल्या नळाला रांगेत उभे राहिलो.