लेकीचे मासे

आधी उजव्या हाताचं बोट वर व्हायचं, मग डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे नजर जायची आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "टाइम झाला नाई अजून." जळगाव जामोदच्या एस.टी. स्टँडवर तुमच्यापैकी कुणी त्या काळात गाडीची वाट पाहिली असेल, तर ते बोट तुम्हीही पाहिलं असणार. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कडुनिंब आणि एक खोली. त्या खोलीत आमचे कंट्रोलर बसत. सारं गाव त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणे. त्यांचं नाव मलाही पुष्कळ उशिरा कळलं.

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो. मधली भिंत सामाईक होती, त्यामुळे त्या घरात काय शिजतंय आणि काय बिनसलंय, दोन्ही मला न विचारता कळायचं.

वेळेच्या बाबतीत हा माणूस अगदी निष्ठुर. मोठमोठ्या साहेबांसाठीही त्यांनी कधी गाडी थांबवली नाही. कुणी ड्रायव्हर रेंगाळला की म्हणायचे, "काऊन बे, गाडी काय तुह्या घरची हाये? टाइमाची हाये ते." मी एकदा त्यांना चिडवलं, "साहेब, यमाची गाडी आली तर तिलाही उभी करून ठेवाल."

"तिचा बी टाइम पाहूनच सोडीन, मास्तर," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. त्यांना हसायला वेळ लागे.

या वेळेनेच त्यांचा घात केला. एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं. मुलगा दुसरबीडचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. वऱ्हाड परतायला खास गाडी ठरली होती. सुटायची वेळ झाली आणि मुलीच्या बापाने, डोळे पुसत का होईना, स्वतः शिट्टी मारली. गाडीतल्या प्रत्येकाला वाटलं, नवरदेवाचे मामा मागच्या बाकावर आहेत. मामा बाजारात पान लावून घेत होते. ते तोंडात पान धरून परत आले तेव्हा स्टँडवर नुसता धुरळा होता.

"टाइम झाला होता," कंट्रोलर म्हणाले. "आता सकाळी हाये गाडी."

लग्नात मामाचा मान काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मामांनी त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. सकाळपर्यंत स्टँडच्या बाकावर बसून राहिले आणि पहिल्या गाडीने गेले.

सासरी जाताना लेकीने बापावर एक काम सोपवलं होतं. तिच्याकडे गप्पी मासे होते. नागपूरला शिकणाऱ्या मामेभावाने लोणच्याच्या बरणीत घालून आणून दिलेले. ट्रंका बनवणाऱ्याकडून तिने पत्र्याची चौकट करून घेतली होती, तिच्यात लांबीचं लुकण भरून खिडकीच्या काचा बसवल्या होत्या. ती पेटी एका कोपऱ्यात कायम झिरपायची आणि कंट्रोलर कायम कुरकुरायचे. पण गाडीत चढताना लेक म्हणाली, "बाबा, माह्ये मासे मरू देऊ नोका. मी येईन तवा मले दिसले पायजेत." ते मान हलवून हो म्हणाले, आणि मग शिट्टी मारली.

दिवाळीला ते लेकीला आणायला गेले. व्याह्यांनी चहा दिला, विचारपूस केली आणि मग एक बोट वर करून म्हणाले, "टाइम झाला की पाठवू." मग पंचमी आली, पुन्हा दिवाळी आली. उत्तर तेच. परत आल्यावर कंट्रोलर मला म्हणाले, "माह्यंच बोलनं मले वापस केलं, मास्तर. बराबर केलं." राग नव्हता त्यांच्या आवाजात. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

घरी आले की ते पेटीपुढे बसत. गप्पी मासा अंडी घालत नाही. मादी पिलं पोटातच वाढवते आणि जिवंत पिलं टाकते, मोहरीपेक्षा थोडी मोठी, जन्मताच पोहणारी. पण हा मासा फार जगत नाही. लेकीने दिलेले मासे एकेक करून संपणार, हे कंट्रोलरांच्या ध्यानात आलं आणि ते घाबरले. आता लेकीला मासे दाखवायचे तर त्यांची पिलं जगवायला हवी होती.

पहिली मादी टपोरली तेव्हा तिला लोणच्याच्या बरणीत वेगळं ठेवलं. त्या बरणीचं नाव पडलं माहेर. ते नाव काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दिलं. पिलं झाली, घरात पेढा वाटायचाच काय तो बाकी राहिला. कंट्रोलर मादीला परत पेटीत टाकायला निघाले तर काकूंनी हात धरला.

"आवो, ओल्या बाळंतिनीले कोनी हलवते का? दहा दिस राहू द्या तिले."

शिवाय नजर लागू नये म्हणून बरणीवर जुन्या धोतराचं फडकं बांधलं. रोज सकाळी फडकं सोडावं तर पिलं आदल्या दिवसापेक्षा कमी. काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. फडकं दुहेरी केलं. पिलं कमीच होत गेली. मला विचारलं तर मी सांगितलं की मासे माझ्या विषयात येत नाहीत.

शेवटी काकूंनीच एकदा भरदुपारी फडकं सोडलं आणि आईला उरलेलं पिल्लू गिळताना पाहिलं. त्या तशाच खाली बसल्या. "पोटची लेकरं खाल्ली हिनं," एवढंच म्हणाल्या.

कंट्रोलरांनी बरणी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "तिचा काय कसूर? जागा एवढुशी, वरतून अंधार. टाइम झाला तवाच तिले हलवाले पायजे होतं. आपन फडकं बांधून बसलो."

त्यानंतर ते शिकले. मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं, शेपटीकडचा काळा डाग गडद झाला की दिवस भरले. बरणीत शेवाळाचा पुंजका सोडायचा, पिलांना त्यात लपता येतं. पिलं झाली की आईला लगेच उचलायचं. उन्हाळ्यात पेटीभोवती ओलं गोणपाट, थंडीत घोंगडी. हौदातले वळवळणारे डासांचे किडे ते चहाच्या गाळणीने पकडून आणत. मी विचारायचो, "काय साहेब, गाडी केव्हा सुटणार?" ते काचेला नाक लावून बोट वर करायचे. "टाइम झाला नाई अजून." लेकीच्या हातचा एकही मासा आता उरला नव्हता, ही त्या माशांची नातवंडं-पतवंडं होती. कंट्रोलर मात्र म्हणायचे, "हे तिचेच हायेत."

मग दुसरबीडहून आलेल्या एका कंडक्टरने निरोप सांगितला, लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. काकूंनी त्याच संध्याकाळी गोधड्या उन्हात टाकायच्या म्हणून काढून ठेवल्या, आणि मग त्या गोधड्यांकडेच पाहत बसल्या. सासरचे पाठवतील की नाही, हाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलरांनी रजा टाकली. ते दुसरबीडला गेले नाहीत. ते गेले बीबीला, नवरदेवाच्या त्या मामांच्या गावी.

तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. मामा शेतात होते. हे ओट्यावर बसले. दुपार कलली, मामा आले, यांच्याकडे पाहून न बोलता आत गेले. हे बसूनच. शेवटची गाडी फाट्यावर आली, हॉर्न वाजवू लागली. ओट्यावरून गाडी दिसत होती. हे उठले नाहीत. गाडी गेली तेव्हा मामा दारात आले.

"पाव्हनं, गाडी गेली ना तुमची."

"जाऊ द्या," कंट्रोलर म्हणाले. "तुमची मी घालवली होती." आणि त्यांनी खाली वाकून मामांचे पाय धरले.

मामांनी त्यांना उठवून आत नेलं, जेवायला वाढलं आणि शब्द दिला, "सातव्या महिन्यात पोरीले मी सोता घेऊन येतो."

"जिंदगीत पयल्यांदा गाडी चुकली, मास्तर," हे सांगताना कंट्रोलर हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

तो सातवा महिना त्यांना दिसला नाही. स्टँडवरच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. बाहेरच्या उतारूंना वाटलं, साहेबांचा डोळा लागलाय. त्या दिवशी एक गाडी उशिरा सुटली, कारण बोट खाली करून शिट्टी मारणारं कुणी नव्हतं.

पोटुशी बाई अशा वेळी येत नाही, म्हणून लेक आली नाही. तेरावं झालं आणि दुसरबीडहून निरोप आला की दुःखाच्या घरात पहिलं बाळंतपण नको, इकडेच करू. काकूंनी तो ऐकला आणि गोधड्या घडी करून ट्रंकेत ठेवल्या. माशांना खाणं घालणं मात्र त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. मला तर वाटलं, आता सगळं संपलं.

एका संध्याकाळी दाराशी टांगा थांबला. आधी मामा उतरले. मग त्यांनी हात धरून लेकीला उतरवलं, सावकाश, एक पाय टेकल्यावर दुसरा. काकू दारातच थिजल्या.

"लोकं नाई म्हनत होते," मामा म्हणाले. "मी म्हटलं, मानूस गेला म्हून माह्या शब्द जात नाई." मग ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पयले पानी द्या मले."

काकूंनी तांब्या आणून दिला. मामा तो वर धरून सगळं पाणी प्यायले. मला तिथे उभं राहवेना, पण निघवतही नव्हतं.

लेक आत पेटीपुढे जाऊन बसली होती. पेटी माशांनी भरलेली होती. तिने काचेवर तळहात टेकला आणि तिला रडू फुटलं. बराच वेळ ती रडली, काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग डोळे पुसताना तिला शेजारची बरणी दिसली. शेवाळाच्या पुंजक्यापाशी एक टपोरी मादी एकटीच तरंगत होती.

"माय, हिले काऊन येगळं ठेवलं?" तिने विचारलं. "काढू का बाहेर?"

काकूंनी उजव्या हाताचं बोट वर केलं. भिंतीवर खिळ्याला कंट्रोलरांचं घड्याळ लटकत होतं, त्याच्याकडे त्यांची नजर गेली.

"टाइम झाला नाई अजून," त्या म्हणाल्या.